३०२ मेली

तक्रार: इंटरनेट बंद, नऊ दिवस
घर: ३०२
स्थिती: दुरुस्त
शेरा:

शेरा भरल्याशिवाय फोन तक्रार बंद करू देत नाही. शंभर अक्षरं मिळतात. एरवी मला वीसही लागत नाहीत. "कनेक्टर पुसला." "वायर उंदराने कुरतडली." "ग्राहकाने बटण बंद ठेवले होते." आज तळमजल्यावर, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून मला दहा मिनिटं झाली आहेत. समोर भिंतीवर पेटी आहे. तिच्या दाराला मघाशी काकांनी नवी तार गुंडाळली.

शेरा, पहिला: पॅच निघाली होती. पुन्हा जोडली. लाइन चालू.

यातला एकही शब्द खोटा नाही. पॅच निघालेलीच होती. दात निघतो, रंग निघतो, पाहुणे निघतात, तशी निघाली.

पुसलं.

*

पेटीबद्दल थोडं.

रस्त्यावरून केसाएवढा काचेचा एक धागा इमारतीत येतो. त्यातून उजेड येतो, डोळ्यांना न दिसणारा. पेटीत एक चपटी डबी असते, ती या एका उजेडाचे सोळा वाटे करते. सोळा भोकं, प्रत्येक भोकात हिरव्या टोकाची एक छोटी वायर. ती पॅच. प्रत्येक पॅचमधून एका घराला उजेड. सतराव्या घराला उजेड हवा असेल तर दुसरी पेटी बसवावी लागते. अर्ज, मंजुरी, भिंतीला ड्रिल, सोसायटीच्या सेक्रेटरीची कुरकुर, असे आठ-दहा दिवस जातात.

आम्ही दोघं जोडीने काम करतो. काका आणि मी. काका माझे कोणी नाहीत. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी "काका" म्हणालो, ते तसंच राहिलं. ते मला घाईमास्तर म्हणतात. पेटीचं काम काकांचं, कारण त्यांचा हात हलत नाही. वर चढणं, घरात खिळे मारणं, राउटर लावणं हे माझं, कारण त्यांचे गुडघे बोलतात. पेटीच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलेला असतो, तारीख आणि सहीचा. जोडीत जो वयाने मोठा त्याने सही करायची. म्हणजे काकांनी.

ज्या लाइनीतून उजेड येत नाही तिला आमच्यात मेलेली म्हणतात. "वरची मेली." "दोन नंबरची मेली होती, पुसल्यावर उठली." दिवसातून दहा वेळा म्हणतो. जिभेला काही वाटत नाही.

*

शेरा, दुसरा: लाइन बंद समजून पॅच काढली गेली.

नऊ दिवसांपूर्वीचं सगळं याच व्याकरणात सांगता येतं. सांगून बघतो.

सहाव्या मजल्यावर नवीन जोडणी द्यायची होती. पेटी उघडली गेली. सोळाच्या सोळा भरलेली होती. ऑफिसला विचारावं, एखादं घर सोडून गेलं असेल तर जागा मिळेल, असं ठरलं. आत फोन लागत नव्हता, म्हणून रस्त्यावर जायचं झालं. तेवढ्यात सहाव्या मजल्यावरून तिसऱ्यांदा खाली येऊन सांगितलं गेलं की माझी मीटिंग आहे, होणार आहे की नाही ते सांगा. मग एकेक पॅच मीटरला लावली गेली. हे मीटर दोन्हीकडचं बघतं, खालून जाणारा उजेड आणि घरातून येणारा जबाब. पंधरा घरांनी जबाब दिला. एकाने दिला नाही. मिनिटभर वाट पाहिली गेली. ते घर ३०२ होतं. पॅच काढली गेली, तिच्या जागी सहाव्या मजल्याची लावली गेली. सुटलेल्या वायरीला कागदी पट्टी बांधली गेली. पट्टी बोटभर रुंद असते, तिच्यावर फार लिहिता येत नाही. लिहिलं गेलं: ३०२ मेली.

काका दारापर्यंत आले, फोन कानालाच. "लागला एकदाचा फोन. होल्डवर ठेवलंय, पाच मिनिटं थांब म्हणतात."

"झालं काका," मी म्हणालो. "सही करा."

"झालं?"

"झालं की. चला, लिफ्ट आलीय."

त्यांनी फोन ठेवला, आत आले आणि सही केली.

वाचून बघा, पॅच कोणी काढली ते सापडतं का. काका दारात येईपर्यंत रस्त्यावर कोण गेलं आणि पेटीपाशी कोण राहिलं तेही नीट कळत नाही. मलासुद्धा चार-पाच दिवसांनी ते तसंच आठवायला लागलं होतं, जसं काही पेटीने आपणहून केलं.

पेटीपाशी मी होतो. मीटर मी लावलं. पट्टी मी लिहिली. दार लावताना तार तुटली ती मी तशीच लोंबत ठेवली.

*

आज साडेतीनला आम्ही ३०२ची बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, बारीक, दोऱ्यात अडकवलेला चष्मा गळ्यात. आम्हाला आत घेतलं आणि टेबलावरच्या शब्दकोशाखालून एक पट्टी काढून काकांसमोर धरली.

"वाचा."

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "तीनशे दोन मेली."

"आणि मी कोण?"

"तुम्ही... तीनशे दोन."

"मग बसा. मेलेल्या बाईच्या हातचं पाणी चालेल ना?"

काका बसले. मी दारापाशी उभा राहिलो.

"चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली," बाई पाणी ठेवता ठेवता म्हणाल्या. "लोकांनी काय काय लिहिलेलं पाहिलंय. पण माझ्या मरणाची बातमी तपासायला येईल असं वाटलं नव्हतं. पत्रं बघायला खाली गेले तर पेटी उघडी, आणि हे लोंबकळतंय. आधी वाटलं, गेलं वाटतं कोणीतरी बिचारं. मग आकडा वाचला."

"बाई, ते लाइनीबद्दल..." काका म्हणाले.

"ते कळलं हो मला. वेडी नाही मी. पण दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी नाही." त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली. "क्रियापद आहे, काळ आहे, लिंगसुद्धा बरोबर आहे. कर्ता कुठे गेला? 'लाइन' लिहायला किती जागा लागते?"

"तीन अक्षरं," काका म्हणाले.

"तीन अक्षरांसाठी मारलंत मला."

काका हसले नाहीत. ते पट्टीकडेच बघत होते.

तक्रारीचं विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं की आमच्या फोनवरच्या मुलीने तीनदा हेच सांगितलं, तुमचा राउटर बंद दिसतोय, चालू करा. तो बंद असायचाच. बाई राउटर दिवसातून एकदाच लावतात, चार वाजता, अर्धा तास. बाकी वेळ कशाला उगाच तापत ठेवायचा. चार वाजता त्यांच्या मोठ्या बहिणीचा व्हिडिओ येतो. बहीण लहानपणापासून ऐकू शकत नाही. दोघी हातांनी बोलतात, आणि बहीण ओठ वाचते.

"म्हणजे साधा फोन..." मी विचारलं.

"साधा फोन करून काय करू? तिच्या कानाशी हवा घालू?"

मी मीटर लावलं होतं दुपारी बाराला.

"पत्र टाकलंय मी," बाई म्हणाल्या. "पोचेल तेव्हा पोचेल. नऊ दिवस चार वाजता ती तिकडे पडद्यासमोर बसत असणार. दुसऱ्या मजल्यावर राहते, गुडघे नाहीत, खाली उतरत नाही. कोणाला विचारेल? आणि मी इकडे बसते. माझ्या पडद्यावर ते गोल गोल फिरत राहतं. मी तरी साडेचारला उठते. ती उठत नसणार, मला माहीत आहे ती."

काका अजून पट्टीकडे बघत होते. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात नेली.

काकांनी मला लेबल लिहायला शिकवलं तेव्हा एक आठवडा नुसते आकडे काढून घेतले होते. तीनचं डोकं सपाट. शून्य बंद, फट दिसता कामा नये. 'ल' काड्यापेटीतल्या काड्यांनी बनवल्यासारखा. घाम लागला, धूळ बसली तरी दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. मी इतकं घोटलं की ऑफिसात आमची लेबलं ओळखू येत नाहीत, कुठलं कोणाचं.

"माझं अक्षर आहे," काका म्हणाले.

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला.

"सहीपण माझी आहे खाली. आत्ता बघून आलो. म्हणजे मीच..." ते थांबले. मग माझ्याकडे वळले. "त्या दिवशी मी फोन करायला बाहेर गेलो होतो ना? त्याच्या आधी केलं का रे मी हे?"

त्यांनी मला खरंच विचारलं. फिरकी घेत नव्हते, आडून काढून घेत नव्हते. ज्याला माहीत असेल त्याला विचारतात तसं विचारलं.

भिंतीच्या कडेने राउटरची वायर गेली आहे, तिच्यावर दर हातभर एक क्लिप आहे. मी खाली वाकलो आणि एक क्लिप हलवून पाहिली. घट्ट होती. दुसरी पाहिली. तीही घट्ट होती.

"असेल," मी म्हणालो. क्लिपला म्हणालो.

*

पुढचं भराभर झालं. काकांनी गॅलरीत जाऊन ऑफिसला फोन लावला. १०४ मधल्यांनी दोन महिन्यांपूर्वीच कनेक्शन सोडलं होतं, राउटर मात्र रिकाम्या घरात चालूच राहिला होता; ती जागा घेता येत होती. हे कळायला तीन मिनिटं लागली. नऊ दिवसांपूर्वी पाच मिनिटं थांब म्हणत होते, ते याचसाठी. काका खाली गेले, पॅच लावली. वर मी राउटरकडे बघत होतो. लाल दिवा हिरवा झाला.

काका गुडघ्यांवर हात ठेवत तीन मजले परत चढून आले. लिफ्ट बंद पडली होती.

चार वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर बहीण आली.

बाईंसारखाच चेहरा, जास्त जुना. क्षणभर तिने काहीच केलं नाही. मग तिचे दोन्ही हात सुटले. एवढ्या वेगाने की पडद्यावर नुसती फिकट रेघ उमटत होती. बाई मध्येच हात उचलायच्या, ती त्यांना बोलू द्यायची नाही. शेवटी बाईंनी पट्टी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. बहीण पुढे सरकली, नाक पडद्याला लागेल इतकी. वाचलं. मग ती हसायला लागली, तिच्या हसण्याला मोठा, बेसूर आवाज होता, आणि हसता हसता तिने पदराने डोळे दाबले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

"रोज पाच-पाचपर्यंत बसत होती," बाई आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हणते, समोर काळी काच आणि तिच्यात माझंच तोंड. मला वाटलं आता हेच बघायचं."

बहिणीने काहीतरी विचारलं. हे मलाही कळलं. बोट फिरवून तिने खोलीत कोण कोण आहे ते विचारलं, आणि मग पट्टीकडे बोट केलं.

"विचारतेय, कोणी लिहिलं."

काका खुर्चीतून उठले. पडद्यासमोर नीट उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि हात जोडले. "चूक झाली," ते सावकाश म्हणाले, ओठ दिसावेत म्हणून. "वय झालं आता. लक्षात राहत नाही."

मी दारापाशी होतो. कॅमेऱ्यात येत नव्हतो. हे मी आधी बघून घेतलं होतं.

*

शेरा, तिसरा: लेबलमधील त्रुटीमुळे गैरसमज. ग्राहक समाधानी.

'त्रुटी' हा ऑफिसचा लाडका शब्द आहे. त्रुटी कोणाचीच नसते, ती असते.

*

जिना उतरताना काका प्रत्येक मजल्यावर थांबले.

दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, "घरी ही म्हणत असते. भाजीत दोनदा मीठ घालतोस, गॅसचं बटण बघायला तीनदा उठतोस. मी म्हणायचो, तुझं आपलं काहीतरी. पण कामाचं नव्हतो विसरत मी. बाकीचं जाऊ दे, काम नव्हतो विसरत."

"काका, एखादं होतं असं."

"एखादं असतं तर आठवलं असतं ना रे. हे तर आठवतच नाही. पॅच काढली, पट्टी लिहिली, बांधली, आणि डोक्यात काहीच नाही. कोरं." त्यांनी बोटाने कपाळावर टकटक केली, दार बंद आहे का बघावं तशी. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा चावी, मग रस्ता, मग आम्ही."

पहिल्या मजल्यावर त्यांनी पिशवीतून कटर काढला. काचेचा धागा कापायचं यंत्र, मुठीत मावणारं, त्यांच्या अंगठ्याने एका बाजूचा काळा रंग पार उडालेला. अकरा वर्षांत त्यांनी तो मला समोर बसवून वापरू दिला, पण कधी घरी नेऊ दिला नाही.

"हा तुझ्याकडे ठेव. आजपासून पेटी तू बघ. मी वर चढेन."

"तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांनी कोणाची लाइन तुटत नाही."

मी कटर घेतला. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. बाकी एक वेळ ठीक आहे, घाबरलो, तोंड उघडलं नाही, असं होतं माणसाचं. पण त्यांनी तो पुढे केला आणि मी हात पुढे केला. आणि हातात आल्यावर त्याचं वजन मला आवडलं.

"तू तक्रार बंद कर," ते म्हणाले. "मी ऑफिसात मॅडमला फोन करून येतो. त्यांनी सही बघून मला विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं." आणि बाहेर गेले.

*

शेरा, चौथा: वरिष्ठ तंत्रज्ञांकडून नजरचुकीने

इथे थांबलो.

हा आपणहून आला. बोटांनी लिहिला. मी वाचला आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पहिल्या तीन शेऱ्यांत कोणीच नव्हतं. यात कोणीतरी होतं, आणि ते काका होते.

पुसलं. फोन उपडा ठेवला. पुन्हा सुलटा केला.

शेरा, पाचवा: मी

एवढंच लिहून बसलो आहे. सत्त्याण्णव का अठ्ठ्याण्णव अक्षरं शिल्लक आहेत.

*

बाहेर आलो तेव्हा काका व्हॅनला टेकून बोलत होते. "हो मॅडम. नाही, तो वर होता, त्याचा काही संबंध नाही. माझ्याच हातून. हल्ली जरा... हो, दाखवून घेतो डॉक्टरला."

"काका, मी काढली."

त्यांनी हाताने थांब म्हटलं. फोनवर बोलत होते ना.

"काका. ३०२ची पॅच मी काढली. पट्टी मी लिहिली. तुम्ही फोन करायला बाहेर होतात. तुम्ही काही विसरला नाहीत."

"मॅडम, दोन मिनिटांत करतो," ते म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

मला वाटलं होतं ओरडतील. किंवा सुटल्यासारखे हसतील, डोकं शाबूत आहे म्हणून. दोन्हींची मी तयारी केली होती. ते माझ्याकडे बघत राहिले, मघाशी पट्टीकडे बघत होते तसे, उजेडात धरून.

"मी हात जोडले तेव्हा तू कुठे होतास?"

"दारापाशी."

"आणि जिन्यात? मी वडिलांचं सांगितलं तेव्हा?"

"तुमच्या मागे."

"हं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. काकांनी हात पुढे केला, तळवा वर. मी खिशातून कटर काढून त्यावर ठेवला. त्यांनी तो पुसला. शर्टाच्या टोकाने, दोन्ही बाजूंनी.

"किती वाजले?"

"चार चोवीस."

"साडेचारपर्यंत बोलतात त्या. जा."

"काका, मी मॅडमला पण..."

"मॅडमला सांगशील रे. मॅडम पळून जात नाहीत. वर जा."

*

तीन मजले पळत चढलो. बाईंनी दार उघडलं, माझ्या घामाकडे पाहिलं.

"परत गेली का लाइन?"

"नाही. बाई, ते मी लिहिलं होतं. काकांनी नाही. पॅच मी काढली, न विचारता. काकांचं अक्षर मी गिरवलेलं आहे, म्हणून त्यांना वाटलं..."

बाई दारातून बाजूला झाल्या. "मला काय सांगतोस? हात तिच्यासमोर जोडले त्यांनी."

मी पडद्यासमोर उभा राहिलो. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात मला मी दिसत होतो, टोपी तिरकी, छाती वरखाली. बहीण पुढे झुकली.

"मी काढली," मी म्हणालो.

तिने मान हलवली. कळलं नाही.

"मान वर कर," बाई मागून म्हणाल्या. "जमिनीशी बोलतोयस. तिला ओठ दिसले पाहिजेत."

मान वर केली. "मी. काढली."

बहिणीने कपाळाला आठ्या घातल्या, बाईंकडे बघून हात हलवले.

"म, प, ब तिला एकसारखेच दिसतात," बाई म्हणाल्या. "कोण ते कळत नाहीये तिला. बोटाने दाखव."

मी बोट उचललं आणि छातीवर ठेवलं, कंपनीचं नाव शिवलेलं आहे तिथे. पडद्यावर बहिणीने तिचं बोट उचललं, आधी रिकाम्या खुर्चीकडे केलं, जिथे काका बसले होते, आणि भुवया वर करून विचारलं. मी मानेने नाही म्हणालो. मग तिने ते बोट सावकाश माझ्याकडे वळवलं आणि तसंच धरून ठेवलं.

मी होय म्हणालो. तिने बोट खाली घेतलं नाही. साडेचारला अजून दोन मिनिटं होती.